रोम पाहण्याचा क्रम: प्राचीन वास्तू आणि कलाकृतींसाठी टप्प्याटप्प्याने नियोजन

रोमला जायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत आधी विमानाची तिकिटे निघतात, मग हॉटेल ठरते आणि कोलोसियम, व्हॅटिकन यांचे प्रवेश ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवले जातात. रोममध्ये हाच क्रम नडतो. तिथे हॉटेल कधीही मिळते. ठरावीक तारखेची, ठरावीक वेळेची प्रवेश-तिकिटे मात्र आधीच संपलेली असतात. काही ठिकाणे आठवड्यातल्या नेमक्या ज्या दिवशी बंद असतात, तोच दिवस आपण त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. हे नियोजन चार पूर्ण दिवस गृहीत धरून केले आहे. तीनच दिवस हाती असतील तर एखादे मोठे ठिकाण सरळ सोडून द्यावे, पण चार दिवसांचा कार्यक्रम तीन दिवसांत कोंबू नये.

## १. आधी बंद दिवस, मग प्रवासाच्या तारखा

कागदावर आठवड्याचे सात वार लिहून सुरुवात करावी. सोमवारी बोर्गेझे गॅलरी हे कलासंग्रहालय बंद असते आणि रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाची पालाझ्झो मास्सिमो ही इमारतही बंद असते. रविवारी व्हॅटिकन संग्रहालये बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद असून त्या दिवशी दुपारपर्यंत प्रवेश मोफत असतो. पण मोफत म्हणजे किती गर्दी, हे वेगळे सांगायला नको. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असल्यास त्यांची सार्वजनिक भेट असते, त्यामुळे सेंट पीटर्सचा चौक भरलेला असतो आणि तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, दुपारपर्यंत प्रवेश मिळत नाही. कोलोसियम आठवड्याचे सातही दिवस उघडे असते, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मोफत असल्यामुळे तो दिवस टाळलेलाच बरा.

याशिवाय १ मे, २९ जून, १५ ऑगस्ट आणि ८ डिसेंबर या दिवशी व्हॅटिकन संग्रहालये बंद असतात. आपल्याकडचे बरेच लोक मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जातात, म्हणून १ मे विशेष लक्षात ठेवावा. सुट्टी लांबून जून उजाडला तर २ जूनलाही सावध राहावे, कारण त्या दिवशी इटलीच्या प्रजासत्ताक दिनाचे संचलन कोलोसियमजवळच्या मोठ्या रस्त्यावरून निघते आणि तो परिसर बंद केला जातो. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, अंधार लवकर पडतो आणि उघड्यावरची प्राचीन स्थळेही लवकर बंद होतात.

हे सगळे सांभाळणारी एक मांडणी अशी: रविवारी पोहोचावे, सोमवारी कोलोसियम आणि फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), मंगळवारी बोर्गेझे आणि पालाझ्झो मास्सिमो, बुधवारी पँथिऑन (घुमटाचे प्राचीन मंदिर, आता चर्च) आणि चर्चमधली चित्रे, गुरुवारी व्हॅटिकन. ही मांडणी बदलायला हरकत नाही, परंतु बदलताना प्रत्येक ठिकाणाचा बंद वार पुन्हा पडताळून पाहावा.

तपासणी: कोलोसियम आणि व्हॅटिकन एकाच दिवशी आले आहेत का? आले असतील तर मांडणी चुकली. दोन्हीकडे तीन-चार तास उभ्याने जातात आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस नुसता पुढे सरकत राहतो, पाहत काहीच नाही.

## २. व्हिसा आणि नावाची अक्षरे

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. साधारण पंधरा दिवसांत निर्णय होतो, मात्र काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. त्यामुळे पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम अशी एकत्र सहल असेल तर ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा; दिवस सारखेच असतील तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. व्हॅटिकन हे वेगळे राष्ट्र असल्यामुळे एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल, अशी शंका अनेकांना येते. ती निराधार आहे. इटली आणि व्हॅटिकन यांच्या सीमेवर पासपोर्ट तपासला जात नाही. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरतो.

आता नावाबद्दल. कोलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी दिली जातात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहिली जातात. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. तिकीट काढताना घरातले एक जण सर्वांची नावे घाईने भरतात, त्यात आईचे माहेरचे आडनाव येते, आजोबांचे घरगुती नाव येते, ‘देशपांडे’चे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेने होते. सर्वांचे पासपोर्ट समोर उघडे ठेवावेत आणि अक्षर अन् अक्षर जुळवूनच रकाने भरावेत.

## ३. तिकिटे कोणत्या क्रमाने काढावीत

व्हिसा हातात आल्यावर, किंवा तो येण्याची तारीख निश्चित दिसू लागल्यावर, तिकिटांकडे वळावे. सर्वांत आधी बोर्गेझे गॅलरी. तिथे आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, दोन-दोन तासांच्या ठरावीक वेळा असतात आणि प्रत्येक वेळेला मोजक्याच लोकांना आत सोडतात. त्यानंतर व्हॅटिकन, ज्याची तिकिटे साधारण साठ दिवस आधी खुली होतात. मग कोलोसियम, ज्याची तिकिटे साधारण तीस दिवस आधी खुली होतात. पँथिऑन सर्वांत शेवटी. जुलै २०२३ पासून तिथेही पर्यटकांना तिकीट लागते, पण ते मिळायला सहसा अडचण येत नाही.

कोलोसियमच्या तिकिटांत प्रकार आहेत आणि गोंधळ नेमका इथेच होतो. साध्या तिकिटावर कोलोसियमचे खालचे दोन मजले, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी पाहता येते. झुंजी जिथे होत ते मैदान, त्याखालचे तळघर आणि वरचे मजले यांसाठी वेगळे, महागडे तिकीट आहे आणि ते फार लवकर संपते. तळघर पाहायचे असेल तर तिकीट खुले होण्याच्या दिवशीच संगणकासमोर बसावे. इटलीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे गणित आधी करून ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असला तरी त्यांचेही शून्य किमतीचे तिकीट आरक्षित करावे लागते. पालक हे विसरतात आणि मग मूल दाराबाहेर, पालक आत अशी अवस्था होते.

सावधान: शोध घेतल्यावर पहिल्यांदा दिसणारी संकेतस्थळे बहुतेक वेळा दलालांची असतात. त्यांचे रूप अधिकृत भासते आणि किंमत दुपटीची असते. अधिकृत पत्ता त्या त्या संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावा. ‘रांग टाळा’ असे लिहिलेल्या तिकिटाने फक्त तिकीटखिडकीची रांग टळते. सुरक्षा तपासणीची रांग सर्वांना सारखीच असते.

तपासणी: बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले आहेत का? ही खरेदी भारतातूनच उरकावी. रोममध्ये पोहोचल्यावर आपला क्रमांक चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि शेवटचे उरलेले तिकीट डोळ्यांदेखत जाते.

## ४. मुक्काम आणि विमानतळ

यावर फार वेळ घालवू नये. तेर्मिनी स्थानकाचा परिसर देखणा नाही, पण मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात आणि विमानतळाची गाडीही तिथेच येते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ही सोय सौंदर्यापेक्षा मोलाची ठरते. कोलोसियमपर्यंत चालत जायचे असेल तर माँती आणि व्हॅटिकनजवळ राहायचे असेल तर प्राती हे भाग चांगले. हॉटेलच्या आरक्षणात नसलेला शहरकर दर माणशी, दर रात्री वेगळा द्यावा लागतो, तो फसवणूक समजून वाद घालू नये.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत थेट तेर्मिनीला पोहोचवते. शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत जाण्यासाठी अधिकृत पांढऱ्या टॅक्सींचे भाडे ठरलेले आहे, त्यामुळे चौघांचे कुटुंब असेल तर रेल्वे आणि टॅक्सीचा खर्च जवळपास सारखाच पडतो. कागदी तिकीट घेतल्यास गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. तिकीट असूनही दंड होतो तो यामुळेच.

## ५. प्राचीन रोमचा दिवस

कोलोसियमची सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्यावी. आत जाण्याआधी दहा मिनिटे बाहेरच्या भिंतीकडे नीट पाहावे. दगडांत सर्वत्र जी भोके दिसतात ती गोळ्यांची नाहीत. दगड सांधणारे लोखंडी आकडे मध्ययुगात उकरून काढले गेले, त्यांच्या त्या जागा आहेत. उत्तर बाजूच्या शाबूत कमानींच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेले आहेत, ते प्रेक्षकांच्या प्रवेशद्वारांचे क्रमांक. आपल्या तिकिटावरच्या वेळेसाठी ताटकळत असताना ते वाचायला बरे वाटते.

आतून बाहेर पडल्यावर लोक समोर दिसणाऱ्या फोरमच्या दारात शिरतात. त्याऐवजी सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या दाराने पॅलाटाइन टेकडीवर जावे. कारण साधे आहे. चढ सकाळीच संपतो, वर झाडांची सावली असते, टेकडीच्या कठड्यावरून संपूर्ण फोरम नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो आणि मग उतरताना प्रत्येक इमारत ओळखीची वाटते. आधी फोरममध्ये उतरलेल्यांना दगडांच्या ढिगाऱ्यात काय कुठे आहे याचा पत्ता लागत नाही आणि चढ मात्र भर उन्हात वाट्याला येतो.

फोरममध्ये दोन गोष्टींपाशी थांबावेच. टायटसच्या कमानीखाली मधोमध उभे राहून आतल्या भिंतींकडे पाहावे. एका बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेला सात फाट्यांचा दीपस्तंभ खांद्यावर वाहणारे सैनिक कोरलेले आहेत. पुढे अँटोनायनस आणि फॉस्टिना यांच्या मंदिराच्या खांबांमागे नंतर बांधलेले चर्च आहे. त्याचा दरवाजा आज प्राचीन जमिनीपासून इतका उंच आहे की त्याला पायऱ्याच नाहीत असे वाटते. उत्खनन होण्यापूर्वी माती कुठवर चढली होती, हे समजायला या दरवाजाइतका चांगला पुरावा तिथे दुसरा नाही.

सावधान: फोरम आणि पॅलाटाइन मिळून एकदाच प्रवेश मिळतो. जेवायला बाहेर पडलात की संपले. पाणी, टोपी आणि थोडे खाणे बरोबर असावे. दगडी फरशी उंचसखल आहे. नवे बूट या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

दुपारनंतर कॅपिटोलाइन संग्रहालये पाहावीत. बाहेरच्या चौकातला मार्कस ऑरिलियसचा अश्वारूढ पुतळा ही प्रतिकृती असून मूळ कांस्यपुतळा आत आहे. तळघरातल्या मार्गाने ताबुलारियम या प्राचीन दफ्तरखान्याच्या कमानींपर्यंत जाता येते आणि तिथून सकाळी तुडवलेला फोरम उलट्या बाजूने दिसतो. अंगात त्राण उरले नसेल तर हे सोडावे. पण त्याऐवजी खरेदीला जाण्यासाठी सोडू नये.

## ६. बोर्गेझे गॅलरी आणि पालाझ्झो मास्सिमो

बोर्गेझेला वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे, कारण पिशव्या, पर्सही, सामानघरात ठेवाव्या लागतात. दोन तास संपले की सर्वांना बाहेर काढले जाते. बहुतेक लोक खालच्या शिल्पांपाशीच गर्दी करतात, म्हणून आपण आधी वरच्या मजल्यावरची चित्रे पाहावीत आणि मग खाली यावे. शिल्पकार बेर्निनीचे अपोलो आणि डॅफ्नी हे शिल्प समोरून पाहून निघून जाणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अपोलोच्या पाठीमागून सुरुवात करावी आणि सावकाश प्रदक्षिणा घालावी. मागून फक्त धावणारा तरुण दिसतो. फिरत गेल्यावर अपोलोपासून पळता पळता झाड होणाऱ्या डॅफ्नीच्या अंगावर चढणारी साल दिसू लागते, मग तिच्या बोटांतून फुटलेली पाने. ती पाने इतकी पातळ कोरलेली आहेत की हा संगमरवर आहे हे विसरायला होते. शेजारच्या दालनातल्या प्रॉसर्पिनाच्या मांडीत रुतलेली प्लुटोची बोटेही अशीच जवळून पाहावीत.

दुपारच्या उन्हात पालाझ्झो मास्सिमो. रोममधले हे सर्वांत दुर्लक्षित संग्रहालय असावे. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या घरातले बागेचे भित्तिचित्र इथे एका खोलीत चारही बाजूंनी लावले आहे, आणि दमून बसलेल्या मुष्टियोद्ध्याच्या कांस्यपुतळ्याच्या अंगावरच्या जखमा तांब्याने दाखवल्या आहेत. वेळ कमी असेल तर तेवढ्या दोन गोष्टी पाहून परतावे.

## ७. पँथिऑन आणि चर्चमधली चित्रे

कारावाज्जो या चित्रकाराची काही उत्तम चित्रे रोममध्ये विनामूल्य पाहता येतात, कारण ती ज्या चर्चसाठी काढली तिथेच आजही आहेत. अडचण वेळेची आहे. अनेक चर्च दुपारी साधारण साडेबारा ते साडेतीन-चारपर्यंत बंद असतात आणि नेमके त्याच वेळी पर्यटक तिथे पोहोचतात. म्हणून सकाळी नवोना चौकाजवळची सान लुईजी देई फ्रान्चेझी आणि सान्त अगोस्तिनो ही दोन चर्च उरकावीत, मधल्या वेळेत पँथिऑन आणि जेवण, आणि चारनंतर पोपोलो चौकातले सांता मारिया देल पोपोलो.

खिशात पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी असावीत. चित्रांवरचे दिवे नाणे टाकल्यावर लागतात आणि थोड्या वेळाने खटकन बंद होतात. मग अंधारात उभे असलेले सगळे जण एकमेकांकडे पाहू लागतात की आता नाणे कोण काढणार. सान लुईजीमध्ये डाव्या हाताच्या शेवटच्या चॅपेलमध्ये संत मॅथ्यूच्या जीवनावरची तीन चित्रे आहेत. पोपोलोतले चॅपेल अरुंद असल्यामुळे तिथली दोन्ही चित्रे तिरक्या कोनातूनच दिसतात. तसे दिसणे हा दोष नाही, तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाची जागा धरूनच ती रचली आहेत. म्हणून त्यांपैकी एका चित्रातला, छायाचित्रात विचित्र वाटणारा घोडा प्रत्यक्षात नेमका बसतो.

पँथिऑन हेही चर्चच आहे. घुमटाच्या मध्यावरचे सुमारे नऊ मीटर रुंदीचे छिद्र उघडे आहे, पावसाचे पाणी थेट आत पडते आणि किंचित उताराच्या फरशीतल्या भोकांतून निघून जाते. ऊन असेल तर सूर्याचा गोल कवडसा भिंतीवर कुठे पडला आहे ते आत शिरताना आणि निघताना पाहून घ्यावे.

तपासणी: खांदे आणि गुडघे झाकलेले आहेत का? हा नियम स्त्री-पुरुष दोघांना लागू आहे. पिशवीत एक ओढणी किंवा उपरणे ठेवल्यास प्रश्न मिटतो.

## ८. व्हॅटिकनचा दिवस

संग्रहालयांचे दार वियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे आणि सेंट पीटर्स बॅसिलिकाचे दार चौकात. दोन्हींमध्ये तटाच्या कडेने पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. टॅक्सीला नुसते ‘व्हॅटिकन’ सांगितले की ती चौकात सोडते आणि तिकिटावरची वेळ रस्त्यातच टळते.

आत गेल्यावर सगळा लोंढा सिस्टिन चॅपेलच्या पाट्यांमागे धावतो. आपण मात्र आधी पिनाकोतेका या चित्रदालनात जावे. तिथे राफाएलचे अखेरचे चित्र ‘रूपांतर’ आणि कारावाज्जोचे ‘दफन’ आहे, आणि सकाळी तिथे निवांतपणा असतो. नंतर प्राचीन शिल्पांचा विभाग: लाओकोऑन, अपोलो बेल्व्हेदेरे आणि हातपाय नसलेले बेल्व्हेदेरे धड. हे धड चुकवू नये. मायकेलअँजेलोला त्याचे फार कौतुक होते, आणि ते आधी पाहिले असेल तर सिस्टिनच्या छतावर वळून बसलेल्या तरुणांच्या पाठी पाहताना ते आठवते. पुढे नकाशांचे दालन, राफाएलच्या खोल्या आणि शेवटी सिस्टिन चॅपेल. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे मागे राहिलेले पुन्हा गाठणे कठीण जाते.

सिस्टिनमध्ये छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि शांतता पाळावी लागते. मधोमध मान वर करून उभे राहण्याऐवजी कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबावे, आणि छत (१५०८ ते १५१२) व वेदीमागची ‘अंतिम न्याय’ ही भिंत (१५३६ ते १५४१) स्वतंत्रपणे पाहावीत. तिथून बॅसिलिकात जाणारा आतला रस्ता सर्वांना खुला असेलच असे धरू नये. बाहेरून चालत जाण्याचा वेळ राखून ठेवावा. बॅसिलिकाच्या घुमटावर जाण्यासाठी ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी शेवटच्या ३२० चढाव्याच लागतात आणि तिथली वाट घुमटाच्या आकाराप्रमाणे कलत जाते. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर जाऊ नये.

## ९. पाणी, जेवण आणि खिसा

रस्त्यावरच्या लोखंडी नळांचे पाणी पिण्याचे असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, तिथून प्यावे. शाकाहारी मंडळींनी कार्बोनारा आणि अमात्रिचाना टाळावे, दोन्हींत डुकराचे मांस असते. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळेही पुष्कळदा मांसाच्या रश्शात केलेले असतात. काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीची पास्ता, आणि तळलेले आर्टिचोक चालतात. मात्र त्यातल्या पेकोरिनो चीजमध्ये प्राण्याचे रेनेट, म्हणजे पोटातून काढलेले दूध घट्ट करणारे द्रव्य, असते, हे काटेकोर पाळणाऱ्यांनी जाणून असावे. स्पॅनिश पायऱ्यांवर बसल्यास दंड होतो.

खिसेकापू मेट्रोच्या ए मार्गिकेवर, तेर्मिनीत आणि व्हॅटिकनला जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये असतात. दार बंद होण्याच्या क्षणी होणारी ढकलाढकली हीच त्यांची वेळ. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ लागेल त्या दिवशी तो कपड्यांच्या आत ठेवावा, इतर दिवशी हॉटेलच्या तिजोरीत. पासपोर्ट गेलाच तर प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग रोममधील भारतीय दूतावासात जावे. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत, तसेच दोन छायाचित्रे वेगळ्या पिशवीत ठेवलेली असतील तर तिथले काम लवकर होते. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.